सी, डी, ई आणि लिनक्स : घरच्या जुन्या कॉम्प्युटरसाठी डिस्ट्रो निवडताना आणि टाकताना



विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाले. मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडून किंवा पैसे भरून घरच्या कॉम्प्युटरला आणखी एक वर्ष मिळते, पण ती शेवटी मुदतवाढच. विंडोज ११ टाकायचं म्हटलं तर त्याला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरचा कॉम्प्युटर त्याआधीचा आहे. कुणी एमएस-सीआयटीच्या वेळी घेतलेला, कुणी मुलाच्या डिप्लोमासाठी हप्त्यावर घेतलेला. चालू होतो, स्क्रीन चांगली आहे, फक्त हँग होतो. दुकानात नेला की उत्तर ठरलेलं असतं, "सर, आता नवीनच घ्या."

मग घरातला भाचा किंवा पुतण्या म्हणतो, "लिनक्स टाका ना!" आपण मोबाइलवर शोधायला बसतो आणि डोकं गरगरतं. उबुंटू, मिंट, फेडोरा, डेबियन, आर्च, झोरिन, एमएक्स... नावं संपतच नाहीत. प्रत्येक व्हिडिओवाला सांगतो की त्याचीच डिस्ट्रो भारी.

आजच्या पाठात आपण दोन गोष्टी बघणार आहोत. पहिली, या गर्दीतून आपल्या कॉम्प्युटरसाठी एक डिस्ट्रो कशी निवडायची. ती सोपी आहे, लोक उगाच तिच्यात महिना घालवतात. दुसरी, ती टाकताना एका स्क्रीनवर घरातले सगळे फोटो जाऊ शकतात, ती स्क्रीन नीट वाचायची कशी. तिथे लोक तीस सेकंदही थांबत नाहीत. म्हणून या पाठात जास्त वेळ तिथेच घालवू.

डिस्ट्रो म्हणजे काय?

हायवेवर तुम्ही ट्रकची नुसती चेसिस चाललेली पाहिली असेल. वर टप नाही, हौदा नाही, ड्रायव्हर तोंडाला फडकं बांधून उघड्यावर बसलेला. इंजिन, चाकं, स्टिअरिंग सगळं आहे, पण त्यात माल भरता येत नाही. ती चेसिस बॉडी बांधणाऱ्याकडे जाते. कुणी तिचा ट्रक करतो, कुणी टँकर, कुणी बस.

लिनक्स ही अशी चेसिस आहे. तिला कर्नेल म्हणतात. फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सने १९९१ साली ती स्वतःच्या कॉम्प्युटरसाठी लिहायला घेतली. त्या वर्षी ऑगस्टमध्ये त्याने इंटरनेटवरच्या एका चर्चागटात कळवलं की, मी एक ऑपरेटिंग सिस्टिम करतोय, नुसता छंद म्हणून. पुढच्याच महिन्यात पहिली आवृत्ती बाहेर आली. पण नुसत्या कर्नेलचं घरी काय करणार? तिच्यावर फायली हाताळणारी साधनं लागतात. त्यातली बरीचशी रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली जाहीर केलेल्या जीएनयू प्रकल्पातून आली. शिवाय डेस्कटॉप लागतो, ब्राउझर लागतो, नवीन प्रोग्रॅम आणून बसवायची सोय लागते. हे सगळं एकत्र बांधून जो तयार माल देतात त्याला डिस्ट्रिब्युशन म्हणतात. तोंडी शब्द डिस्ट्रो.

म्हणजे शंभर डिस्ट्रो म्हणजे शंभर वेगळी लिनक्स नव्हेत. चेसिस एकच, बॉडी वेगळी. हे एकदा ध्यानात आलं की निम्मी भीती जाते.

या बॉडीवाल्यांची घराणी आहेत. इयन मर्डॉक याने १९९३ मध्ये डेबियन सुरू केली. नावात त्याची मैत्रीण डेब्रा आणि तो स्वतः, दोघेही आहेत! डेबियनवरून २००४ च्या ऑक्टोबरमध्ये उबुंटू आली. तिच्या पहिल्या आवृत्तीचा क्रमांक ४.१० होता. चार म्हणजे २००४ आणि दहा म्हणजे ऑक्टोबर. २४.०४ म्हणजे काय ते आता तुम्हीच ओळखा. त्या काळात उबुंटूवाले मागणी नोंदवली की घरपोच सीडी पाठवायचे, तीही फुकट. ही योजना २०११ मध्ये बंद झाली. उबुंटूवरून २००६ मध्ये लिनक्स मिंट आली. आपल्याकडे पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेने काढलेली बॉस लिनक्ससुद्धा डेबियनच्याच घरातली. केरळातल्या सरकारी शाळांत तर मुलं कित्येक वर्षं लिनक्सवरच कॉम्प्युटर शिकत आहेत. त्यामुळे "हे फक्त इंजिनिअर लोकांचं काम" असं कुणी म्हणालं तर त्याला केरळ दाखवा.

मग कोणती घ्यायची?

डिस्ट्रोच्या नावापासून सुरुवात करू नका. आधी आपल्या कॉम्प्युटरची रॅम बघा. विंडोजच्या सेटिंगमध्ये सिस्टिम आणि मग अबाउट उघडलं की रॅम किती आणि सिस्टिम ६४ बिट की ३२ बिट, दोन्ही दिसतं. ३२ बिट दिसलं तरी लगेच निराश होऊ नका. कित्येकदा प्रोसेसर ६४ बिटचा असतो आणि दुकानदाराने विंडोज मात्र ३२ बिटचं टाकलेलं असतं. प्रोसेसरबद्दलही त्याच पानावर लिहिलेलं असतं, ते वाचा.

रॅम चार जीबी किंवा जास्त असेल तर लिनक्स मिंट घ्या, सिनॅमन डेस्कटॉप असलेली. दोन ते चार जीबी असेल तर तीच मिंट पण एक्सएफसीई डेस्कटॉपची. माझं मत एवढं सरळ आहे. मिंटच का? खाली डाव्या कोपऱ्यात मेन्यू, उजवीकडे घड्याळ, मध्ये उघडलेल्या खिडक्या. घरातली आई किंवा आजोबा काही न विचारता माऊस धरतात. मिंटच्या २२ क्रमांकाच्या आवृत्त्या उबुंटू २४.०४ वर बांधलेल्या आहेत आणि त्यांना २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. म्हणजे दर सहा महिन्यांनी पुन्हा खटाटोप नाही.

ज्याला नवनवीन बघायचा शौक आहे त्याने फेडोरा घ्यावी. तिथे साधारण सहा महिन्यांनी नवी आवृत्ती येते आणि एका आवृत्तीला जेमतेम तेरा महिने आधार मिळतो. आर्चमध्ये आवृत्त्याच नाहीत, अपडेट सतत वाहत असतात आणि सगळं आपल्या हाताने जोडावं लागतं. शिकायला उत्तम आहे. पण ज्या कॉम्प्युटरवर उद्या सकाळी निकालपत्रक काढायचं आहे, त्यावर नको.

आणि एक जीबी रॅमचा, खरोखर ३२ बिटचा डबा असेल तर? उबुंटूने ३२ बिटची डेस्कटॉप आवृत्ती २०१७ मध्येच बंद केली. डेबियननेही २०२५ मध्ये आलेल्या तेराव्या आवृत्तीपासून ३२ बिटचा इन्स्टॉलर देणं थांबवलं. अँटीएक्ससारख्या मोजक्याच डिस्ट्रो अजून त्या यंत्रांना सांभाळतात. टाकून बघा, चालू होईल. पण खरं सांगायचं तर डिस्ट्रो कितीही हलकी असली तरी ब्राउझर हलका होत नाही. चार टॅब उघडले की एक जीबी संपली. अशा कॉम्प्युटरवर टायपिंग करा, गाणी ऐका, मुलांना कीबोर्डची ओळख करून द्या, यूट्यूबची अपेक्षा ठेवू नका.

आणखी एक, जे डिस्ट्रोचे व्हिडिओवाले क्वचितच सांगतात. तुमच्या कॉम्प्युटरमध्ये जुनी फिरणारी हार्ड डिस्क असेल, तर डिस्ट्रो बदलल्याने जेवढा फरक पडेल त्यापेक्षा जास्त फरक साधी एसएसडी बसवल्याने पडतो. शिवाय जुनी डिस्क काढून कपाटात ठेवली तर तीच तुमची बॅकअप! जमत असेल तर हा मार्ग सर्वांत निर्धास्त.

निवडीआधी एक प्रश्न मात्र प्रामाणिकपणे विचारा. घरात या कॉम्प्युटरवर कोण काय करतं? ब्राउझरमधून चालणारी कामं, मग ते शाळेचं पोर्टल असो, मेल असो की व्हॉट्सअॅप वेब, लिनक्सवर तशीच चालतात. पण घरात कुणी टॅलीवर हिशेब करत असेल, डिजिटल सहीचं टोकन वापरत असेल, तर विंडोज पूर्ण काढू नका. आपण शिक्षक मंडळी एकमेकांना आकारिक मूल्यमापनाच्या ज्या एक्सेल फायली पाठवतो, त्यात बटणं आणि मॅक्रो असतील तर त्या लिब्रे ऑफिसमध्ये नीट चालतीलच असं नाही. साधी सूत्रं, बेरजा, टक्केवारी चालते. मॅक्रोची फाइल आधी तपासून मगच निर्णय घ्या.

आधी पेनड्राइव्हवरून चालवा

लिनक्सची मोठी सोय ही की ती न टाकताच वापरून बघता येते. मिंटच्या अधिकृत साइटवरून आयएसओ फाइल उतरवून घ्या. ती साधारण तीन जीबीच्या घरात असते, त्यामुळे मोबाइलचा रोजचा डेटा बघून बसा. मग आठ जीबीचा एक पेनड्राइव्ह घ्या. त्यातलं सगळं पुसलं जाणार आहे, तेव्हा रिकामाच घ्या.

इथे नवीन लोक आयएसओ फाइल कॉपी-पेस्ट करतात आणि मग कॉम्प्युटर पेनड्राइव्हवरून सुरू होत नाही म्हणून लिनक्सला नावं ठेवतात. फाइल कॉपी करायची नसते, लिहायची असते. त्यासाठी विंडोजवर रुफस नावाचा छोटा मोफत प्रोग्रॅम आहे. त्यात फाइल निवडायच्या बटणाशेजारी बरोबरच्या खुणेचं एक बटण आहे. ते दाबलं की फाइलचा चौसष्ट अक्षरी आकडा दिसतो, त्याला एसएचए २५६ म्हणतात. मिंटच्या साइटवर दिलेल्या आकड्याशी तो जुळवून बघा. जुळला म्हणजे फाइल उतरताना तुटलेली नाही. रेंज जाऊन येऊन असलेल्या गावात ही तपासणी फार कामाची आहे, कारण अर्धवट फाइलवरून टाकलेली सिस्टिम मध्येच अडकते.

ज्यांना पाच-सहा डिस्ट्रो चाखून बघायच्या आहेत त्यांनी रुफसऐवजी व्हेंटॉय वापरावं. एकदा पेनड्राइव्हवर ते बसवलं की आयएसओ फायली मात्र नुसत्या कॉपी करायच्या, सुरू होताना तो यादी दाखवतो.

आता कॉम्प्युटर सुरू करताना बूट मेन्यू आणायचा. डेल आणि लेनोवोवर बहुतेक एफ१२, एचपीवर एस्केप किंवा एफ९, आसूसवर एस्केप किंवा एफ८. वेळ साधावी लागते, दोनदा चुकलं तरी हरकत नाही. पेनड्राइव्हचं नाव दोनदा दिसलं आणि एकापुढे यूईएफआय लिहिलं असेल, तर तुमचं विंडोज ज्या पद्धतीने बसलं आहे तीच निवडा. विंडोजमध्ये स्टार्टला सिस्टिम इन्फर्मेशन शोधून उघडलं की बायोस मोडपुढे यूईएफआय किंवा लेगसी लिहिलेलं असतं. ते आधीच वहीत टिपून ठेवा.

दोन-तीन मिनिटांत मिंटचा डेस्कटॉप येतो. हे सगळं रॅममध्ये चाललेलं आहे, तुमच्या डिस्कला अजून हात लागलेला नाही. घाई करू नका. इथे अर्धा तास घालवा. वायफाय दिसतंय का? आवाज येतोय का? लॅपटॉप असेल तर टचपॅड, स्क्रीनचा उजेड कमी-जास्त होणं, झाकण लावून उघडल्यावर जागा होणं हे बघा. प्रिंटर जोडून एक पान काढा. काही जुन्या लॅपटॉपमध्ये ब्रॉडकॉमची वायफाय चिप असते आणि ती सुरुवातीला चालत नाही. घाबरू नका. मोबाइल यूएसबी वायरने जोडून टेदरिंग चालू करा, इंटरनेट मिळतं. मग ड्रायव्हर मॅनेजरमधून हवा तो ड्रायव्हर उतरवता येतो. इथे जे चालत नाही ते टाकल्यावर आपोआप चालेल अशी आशा ठेवू नका. आधी उपाय शोधा, नाहीतर दुसरी डिस्ट्रो याच पद्धतीने बघा.

डिस्क वेगळी, ड्राइव्ह वेगळा

आता मुख्य मुद्दा. इथे मोबाइल बाजूला ठेवा आणि नीट वाचा.

आपल्याकडे कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्यांनी वर्षानुवर्षं एक सवय लावली आहे. ते हार्ड डिस्कचे सी, डी, ई असे भाग करून देतात आणि सांगतात, "फोटो, डॉक्युमेंट डी मध्ये ठेवा. फॉरमॅट मारला तरी डी मधलं जात नाही." विंडोजपुरतं ते खरं होतं, कारण ते फॉरमॅट फक्त सी ला मारायचे. यातून आपल्या मनात पक्कं बसलं की डी म्हणजे तिजोरी.

पण डी ही वेगळी वस्तू नाही. हार्ड डिस्कला एक वावर समजा. एकच सातबारा, एकच गट नंबर. आपण सोयीसाठी मध्ये बांध घातले. एका तुकड्यात ज्वारी, एकात तूर, एकात जनावरांचा चारा. सी, डी, ई हे बांधांमधले तुकडे आहेत. विंडोजचा फॉरमॅट एका तुकड्यात नांगर घालतो. लिनक्सच्या इन्स्टॉलरमध्ये जो सोपा पर्याय दिसतो, 'इरेज डिस्क अँड इन्स्टॉल लिनक्स मिंट', तो बांध बघत नाही. तो अख्खं वावर सपाट करतो. सी गेला, डी गेला, ई पण गेला. पर्यायाच्या नावातच डिस्क लिहिलं आहे, ड्राइव्ह नाही. फसवणूक काहीच नाही, फक्त आपण वाचताना डिस्क हा शब्द सी असा वाचतो.

आमच्या ओळखीच्या एका गुरुजींच्या घरी हेच झालं. पुतण्या हुशार, सुट्टीत आला, काकांचा कॉम्प्युटर फास्ट करून देतो म्हणाला. "काका, तुमचं सगळं डी मध्येच आहे ना? मग काळजी नाही." वीस मिनिटांत मिंट बसली, कॉम्प्युटर खरंच पळायला लागला. संध्याकाळी काकू म्हणाल्या, धाकटीच्या बारशाचे फोटो लाव. तेव्हा डी शोधायला लागले. नंतर फोटोरेक नावाच्या प्रोग्रॅमने बरेचसे फोटो निघाले, पण नावं नाहीत, तारखा नाहीत, फोल्डर नाहीत. हजारो फायली एका ढिगात. तेही जुनी फिरणारी डिस्क होती म्हणून. एसएसडी असती तर एवढीही आशा फार कमी असते.

म्हणून इन्स्टॉलर उघडायच्या आधी बॅकअप. बाहेरच्या हार्ड डिस्कवर सगळं कॉपी करा. डी मधलं तर कराच, पण डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स हे फोल्डर सी मध्ये असतात हे विसरू नका. कॉपी झाल्यावर ती डिस्क दुसऱ्या कुणाच्या तरी कॉम्प्युटरला लावून चार-पाच फोटो आणि दोन फायली प्रत्यक्ष उघडून बघा. उघडल्या की मगच बॅकअप झाला म्हणा. मग ती डिस्क काढून बाजूला ठेवा. इन्स्टॉल चालू असताना ती कॉम्प्युटरला लावलेली असता कामा नये, नाहीतर चुकून तीच निवडली जायची.

लॅपटॉपवर बिटलॉकर चालू आहे का तेही बघा. चालू असेल तर त्याची अठ्ठेचाळीस अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या. विंडोज ठेवणार असाल तर पॉवरच्या सेटिंगमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असेल तर विंडोज पूर्ण बंद होतच नाही, अर्धवट झोपतं, आणि लिनक्सला त्याच्या फायलींत लिहिता येत नाही.

आता दोन वाटा.

पहिली, विंडोज नकोच आहे, बॅकअप तपासून झाला आहे. मग इरेज डिस्क बिनधास्त वापरा. तो पर्याय वाईट नाही, उलट सर्वांत सरळ आहे. फक्त कॉम्प्युटरमध्ये दोन डिस्क असतील तर कोणती पुसायची ते विचारलं जाईल. तिथे सी, डी ही नावं दिसत नाहीत. एसडीए, एसडीबी किंवा एनव्हीएमई अशी नावं दिसतात. मग ओळखायचं आकारावरून आणि कंपनीच्या नावावरून. इथे एक गंमत आहे. विंडोज १०२४ च्या हिशेबाने मोजतं, इन्स्टॉलर हजाराच्या हिशेबाने. त्यामुळे विंडोजमध्ये ४६५ जीबी दिसणारी डिस्क इथे ५०० जीबी दिसते आणि १९५ जीबीचा डी ड्राइव्ह साधारण २०९ जीबी दिसतो. आकडा वेगळा दिसला म्हणून गोंधळू नका.

दुसरी वाट, विंडोजही राहू द्यायचं आणि शेजारी लिनक्स. यासाठी माझा आग्रह असा की जागा विंडोजमधूनच मोकळी करा. डिस्क मॅनेजमेंट उघडा, ज्या ड्राइव्हमध्ये भरपूर जागा आहे त्यावर उजवी क्लिक करून श्रिंक व्हॉल्यूम निवडा. मिंटला किमान २० जीबी लागते, पण पुढचा विचार करून शंभरएक जीबी द्या. ती जागा काळ्या पट्टीने अनॅलोकेटेड म्हणून दिसेल. तिला पुन्हा नाव किंवा अक्षर देऊ नका, तशीच पडीक ठेवा. म्हणजे वावरात लिनक्ससाठी वेगळा तुकडा आखून ठेवला. मग इन्स्टॉलरमध्ये 'समथिंग एल्स' निवडा. त्यात तुकड्यांचा तक्ता दिसतो. एनटीएफएस लिहिलेले तुकडे विंडोजचे, त्यांना हात लावायचा नाही. ईएफआय नावाचा शंभर-दोनशे एमबीचा छोटा तुकडा असेल तर तोही फॉरमॅट करायचा नाही, विंडोज सुरू व्हायची किल्ली तिथे आहे. फ्री स्पेस लिहिलेल्या ओळीवर क्लिक करायचं, अधिकची खूण दाबायची, प्रकार एक्स्ट४ ठेवायचा आणि माउंट पॉइंटपुढे नुसती तिरकी रेघ द्यायची. बस्स. हा तक्ता कठीण वाटला तर 'अलाँगसाइड' असा पर्याय दिसतो का बघा, तो बरंचसं आपणच करतो. पण तोही डोळे मिटून दाबायचा नाही.

इन्स्टॉल नाऊ दाबल्यावर एक शेवटची चौकट येते. कोणते तुकडे बदलणार, कोणते फॉरमॅट होणार याची यादी त्यात असते. या चौकटीचा मोबाइलवर फोटो काढा आणि ओळ न् ओळ वाचा. समजलं नाही तर मागे फिरा, गो बॅकचं बटण शेजारीच आहे. फोटो कुणा जाणकाराला पाठवा, उद्या टाका. पुढे जा म्हटल्यावर मात्र मागे येता येत नाही.

लाईटचा भरवसा नसेल तर डेस्कटॉपवर यूपीएसशिवाय हे काम काढू नका. लॅपटॉप चार्जरला लावूनच ठेवा. एसएसडीवर पंधरा-वीस मिनिटं, जुन्या डिस्कवर त्याहून बराच जास्त वेळ लागू शकतो.

टाकून झाल्यावर

सुरुवातीला अपडेट मॅनेजर चालवून घ्या. नंतर टाइमशिफ्ट. हे सिस्टिमची प्रत ठेवतं, अपडेटने काही बिघडलं तर मागच्या दिवसावर नेतं. पण लक्षात ठेवा, तुमचे फोटो आणि फायली ते आपणहून सांभाळत नाही. त्यांचा बॅकअप वेगळाच.

दोन्ही सिस्टिम ठेवल्या असतील तर विंडोजचं घड्याळ अचानक साडेपाच तास मागे गेलेलं दिसेल. बॅटरी संपली म्हणून दुकानात जाऊ नका. लिनक्स कॉम्प्युटरच्या आतल्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं आणि स्क्रीनवर भारताचे साडेपाच तास मिळवून दाखवतं. विंडोज मात्र आतली वेळ हीच स्थानिक वेळ समजतं. लिनक्सला स्थानिक वेळ ठेवायला सांगितलं की भांडण मिटतं.

मराठी टायपिंगची काळजी बऱ्याच जणांना असते. इनस्क्रिप्टवाल्यांना काहीच शिकावं लागत नाही, कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठीचा लेआउट जोडला की झालं. जे इंग्रजी अक्षरांवरून मराठी लिहितात त्यांनी इनपुट मेथडमध्ये जाऊन आयबस बसवावं, त्यात मराठी फोनेटिक मिळतं. शब्द सुचवायची पद्धत गुगलपेक्षा वेगळी आहे, आठवडाभर चिडचिड होते, मग हात बसतो.

खरी अडचण येते जुन्या फायलींची. शिवाजी किंवा कृती देवमध्ये टाईप केलेले शाळेचे ठराव, इतिवृत्तं, सूत्रसंचालनाच्या फायली लिनक्सवर उघडल्या की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. फाइल बिघडलेली नसते. त्या फॉन्टमध्ये मुळात इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, फॉन्ट फक्त त्यांना मराठी सोंग चढवतो. विंडोजमधली ती फॉन्टची फाइल आणून इथे बसवली की मजकूर पुन्हा दिसतो. म्हणून बॅकअप घेताना विंडोजचा फॉन्ट्स फोल्डरही उचलून ठेवा. आणि वेळ मिळेल तसं एकेक फाइल युनिकोडमध्ये बदलून घ्या, म्हणजे ती मोबाइलवरही वाचता येईल.

स्वाध्याय

पेनड्राइव्ह हातात घ्यायच्या आधी वहीत ही उत्तरं लिहा.

१. तुमच्या कॉम्प्युटरची रॅम किती? बायोस मोड यूईएफआय की लेगसी?

२. त्यात प्रत्यक्ष डिस्क किती आहेत आणि प्रत्येकीवर कोणते ड्राइव्ह आहेत? वावराचा नकाशा काढतो तसं चित्र काढा. बांध दाखवा, आकार लिहा.

३. घरातल्या प्रत्येकाला विचारा, "या कॉम्प्युटरमधली कुठली गोष्ट गेली तर तुला वाईट वाटेल?" प्रत्येकाच्या नावापुढे फोल्डर लिहा आणि बॅकअपमध्ये उघडून बघितल्यावरच त्यावर टिक करा.